थंडीत काय लावावं: मेडिकलच्या काचेमागची मलमं आणि घाण्यावरचं तेल

दिवाळीचं उटणं संपेपर्यंत मराठवाड्यातली हवा फिरलेली असते. कापसाची वेचणी रंगात, तुरीला फुलोरा, आणि पहाटे तोंडावर येणारा वारा एकदम कोरडा. पिंढरीवरून नख ओढलं की पांढरी रेघ उमटते. पुष्कळांना तो मळ वाटतो आणि ते अंगाला आणखी साबण घासतात. खरं तर पाणी उडून गेल्यामुळे त्वचेच्या सर्वांत वरच्या थराचे सुटलेले पापुद्रे असतात ते, आणि साबणानं ते आणखी सुटतात. परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या वेधशाळेत पारा 10 अंशांच्या खाली जाणं इथे नवलाचं नाही, आणि त्याच दिवशी दुपारचं ऊन 28-30 अंशांचं असतं. पहाटेच्या गार हवेत मुळातच बाष्प थोडं. तीच हवा दुपारी तापली की तहानेली होते आणि मिळेल तिथून पाणी ओढते: मातीतून, दोरीवरच्या धुण्यातून, ओठांतून.

म्हणून इथल्या थंडीसाठी काही विकत घेताना वास, रंग आणि डबीवरचं चित्र बाजूला ठेवावं आणि एवढंच बघावं की ही वस्तू तीनपैकी कोणतं काम करते. काही वस्तू पाणी ओढून धरतात: ग्लिसरीन, युरिया, लॅक्टिक अ‍ॅसिड. काही पापुद्र्यांमधल्या फटी बुजवतात: वनस्पती तेलं, शिआ बटर, सेरामाइड. आणि काही वरून नुसतं झाकण घालतात: पेट्रोलियम जेली, लिक्विड पॅराफिन, लॅनोलिन, मेण. दमट मुलखात पहिल्या कामावर भागतं. आपल्याकडे झाकणाशिवाय बाकीची दोन्ही लंगडी पडतात. खाली जी पारख केली आहे ती या मापानं.

पेट्रोलियम जेली: सर्वांत स्वस्त आणि पहिला नंबर

रॉबर्ट चेसब्रो नावाच्या अमेरिकन रसायनतज्ज्ञानं 1872 मध्ये व्हॅसलीनचं पेटंट घेतलं. आज आपल्याकडे कुठल्याही कंपनीची जेली असो, दुकानात मागणी ‘व्हॅसलीन द्या’ अशीच होते. त्वचेतून उडून जाणारं पाणी अडवण्यात हिची बरोबरी करणारं दुसरं काही त्या काउंटरवर नाही. महागड्या क्रीममध्येही झाकणाचं काम बऱ्याचदा हीच करते, फक्त लेबलवर नाव पेट्रोलॅटम असतं.

तरीही ‘लावून काही उपयोग झाला नाही’ ही तक्रार हिच्याचबद्दल जास्त ऐकू येते. कारण साधं आहे. जेलीत पाण्याचा थेंबही नसतो. सुकलेल्या कातडीवर ती चोपडली तर आत सुकलेलंच झाकलं जातं. आंघोळ झाल्यावर टॉवेलनं अंग घासून कोरडं न करता टिपून घ्यायचं, अंगावर किंचित ओल राहू द्यायची, आणि तीन मिनिटांच्या आत लावायचं. तीन मिनिटं म्हणजे न्हाणीघरातच. देवपूजा, चहा, मग जेली असा क्रम ठेवला तर ओल गेलेली असते. मात्रा हरभऱ्याच्या दाण्याएवढी, ओल्या तळहातांवर चोळून पातळ करून, एका पिंढरीला एक दाणा. एवढी लावली तर चिकट वाटत नाही. बोटभर काढून फासली की चिकटणारच.

हिचा खरा तोटा मराठवाड्यात वेगळाच आहे: फुफाटा. जेली लावून पायवाटेनं चालत गेलं की संध्याकाळपर्यंत पायावर मातीचा थर बसतो आणि तो धुवायला परत साबण लागतो. म्हणून पायांना जेली रात्रीच. दिवसा हातापायांना लोशन आणि ओठांना जेली, अशी वाटणी करावी. हिनं कातडी काळी पडते हा समज मात्र बिनबुडाचा आहे.

घेताना साधी, बिनवासाची, बिनरंगाची घ्यावी. औषधी दर्जाच्या डब्यावर ‘व्हाइट सॉफ्ट पॅराफिन आय.पी.’ असं छापलेलं असतं आणि तो सहसा स्वस्त पडतो. आठवडी बाजारात चटईवर मांडलेल्या, नामांकित नावात एखादं अक्षर इकडचं तिकडे केलेल्या डब्या दिसतात. बॅच नंबर, उत्पादन परवान्याचा नंबर, तारीख यांपैकी काहीच नसेल, झाकण उघडल्यावर रॉकेलसारखा वास येत असेल किंवा वर तेल सुटलं असेल, तर ती डबी सायकलच्या चेनला ठीक.

ग्लिसरीन: चांगली वस्तू, चुकीचा वापर

गोष्ट ग्लिसरीनची निघाली की प्रत्येक घरात एक कृती निघते: ग्लिसरीन, गुलाबपाणी आणि लिंबू. यातल्या पहिल्या दोन गोष्टी बरोबर आहेत, प्रमाण मात्र बहुतेकदा चुकतं.

ग्लिसरीन पाणी ओढतं. हवेत ओल असेल तर हवेतून, नसेल तर कातडीच्या खालच्या थरांतून. डिसेंबरच्या दुपारी वर हवेत काहीच नसतं, म्हणून बाटलीतलं निखळ ग्लिसरीन तसंच लावलं तर ते खालचं पाणी वर आणतं आणि तिथून ते उडून जातं. घटकाभर कातडी तुकतुकीत दिसते आणि तासाभरात पूर्वीपेक्षा जास्त ताणते. ओठांवर याची गंमत अगदी जवळून दिसते. ग्लिसरीन गोड असतं. लावलं की जीभ आपोआप तिकडे वळते, लाळेनं ओठ ओले होतात, ओल उडते, ओठ पुन्हा खरखरीत होतात, पुन्हा जीभ. लहान मुलांच्या ओठांभोवती जी लालसर, कड असलेली चकती थंडीत दिसते, ती चाटण्याचीच. अशा मुलाला ग्लिसरीन देऊच नये. चव नसलेली जेली द्यावी, दिवसातून सहा-सात वेळा आणि झोपताना थोडी जाड.

अंगासाठी प्रमाण एक चमचा ग्लिसरीन आणि तीन चमचे पाणी. पाणी उकळून गार केलेलं किंवा गुलाबपाणी. हे मिश्रण ओलसर अंगावर लावायचं आणि पाच मिनिटांनी वर तेलाचा किंवा जेलीचा पातळ हात फिरवायचा. हा दुसरा हात वगळला तर पहिल्याचा उपयोग निम्म्यावर येतो. मिश्रण दोन-तीन दिवसांपुरतंच करावं. ग्लिसरीन एकटं असताना नासत नाही, पण पाणी मिसळून पातळ केलं की त्यात बुरशी आणि जंतूंना वाव मिळतो. वर तरंगणारे धागे किंवा आंबूस वास आला की ओतून द्यावं.

लिंबू घालू नये. उललेल्या कातडीला ते झोंबतं हे पहिलं कारण. दुसरं जास्त त्रासाचं: लिंबाच्या रसातले काही घटक कातडीवर असताना ऊन लागलं की भाजल्यासारखे लाल चट्टे उठतात आणि त्यांचे काळे डाग महिनोन्‌महिने जात नाहीत. इथलं थंडीतलं ऊन कोवळं फक्त नऊपर्यंत असतं.

कोल्ड क्रीम, लोशन आणि बोटाच्या पेराचं माप

कोल्ड क्रीमची मूळ कल्पना दुसऱ्या शतकातल्या गॅलेन या ग्रीक वैद्याच्या नावावर सांगतात: मेण, तेल आणि गुलाबपाणी घोटून केलेलं मलम. लावल्यावर त्यातलं पाणी उडतं आणि गार वाटतं, म्हणून कोल्ड. ‘थंडीत लावायचं म्हणून कोल्ड क्रीम’ असा आपल्याकडचा अर्थ नंतरचा. निव्हिया 1911 मध्ये जर्मनीत आलं तेव्हापासून घट्ट क्रीम म्हणजे पाणी आणि तेल यांचं न फुटणारं मिश्रण, आणि आजची बहुतेक कोल्ड क्रीम त्याच वाटेवरची आहेत. चेहऱ्याला आणि हातांना ती जेलीपेक्षा सोयीची. तेलकट, मुरमाड चेहऱ्याला मात्र नकोत. तिथे ग्लिसरीन आणि डायमेथिकॉन (सिलिकॉनचा एक प्रकार) असलेलं हलकं लोशन बरं.

लोशनची बाटली उलटी करून घटकांची यादी वाचायची सवय लावून घ्यावी. जे जास्त ते आधी, या क्रमानं ती छापलेली असते. पहिलं पाणी असणारच. त्यानंतरच्या चार-पाच नावांत ग्लिसरीन आणि पेट्रोलॅटम, मिनरल ऑइल, डायमेथिकॉन, शिआ यांपैकी एखादं असेल तर बाटली कामाची. बदाम, केशर, मध ही नावं समोर मोठ्या अक्षरात आणि मागे यादीत अगदी तळाशी, सुगंधाच्या आसपास असतील, तर आपण चित्राचे पैसे देतो आहोत.

पण खरी फसगत मात्रेत होते. त्वचेचे डॉक्टर एक माप वापरतात: ट्यूबमधून तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत काढलेली रेघ, म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. एवढं मलम दोन तळहातांइतक्या जागेला पुरतं. एका हाताला पंजासकट अशी चार पेरं लागतात, एका पायाला पावलासकट आठ. दोन्ही हात, दोन्ही पाय मिळून चोवीस पेरं, म्हणजे बारा ग्रॅम. 100 ग्रॅमची बाटली हातापायांना नीट लावली तर आठच वेळा पुरते. महिनाभर तीच बाटली पुरवणाऱ्या घरात लोशन लावलं जात नाही, दाखवलं जातं. म्हणून घरासाठी पंप असलेली मोठी बाटली घ्यावी आणि दुकानात किमतीला ग्रॅमनं भागून बघावं. छोटी सुबक डबी नेहमीच महाग निघते. डबीत दहा बोटं जातात, पंपात जात नाहीत, हाही एक फायदा.

बोरिक-झिंकच्या अँटिसेप्टिक क्रीमबद्दल थोडक्यात. कोलकात्याच्या गौरमोहन दत्तांनी 1929 मध्ये आणलेलं बोरोलीन या प्रकारातलं सर्वांत जुनं, आणि त्यातलं लॅनोलिन झाकण म्हणून उत्तम आहे. नाकाच्या कडा, बोटांची फाटलेली कोपरं, दाढीनंतरचा ओरखडा यांना ही क्रीम ठीक. सगळ्या अंगाला चोळायची ती वस्तू नाही. बोरिक अ‍ॅसिड असलेली कुठलीही क्रीम तान्ह्या बाळाला किंवा मोठ्या उघड्या जखमेला लावू नये. लोकरीतून निघणारं लॅनोलिन काहींना सोसत नाही. लावलेल्या जागी खाज आणि बारीक पुरळ आलं तर क्रीम बदलायची, वाढवायची नाही.

घाण्यावरचं तेल

खोबरेल तेल 24 अंशांच्या आसपास गोठतं, त्यामुळे डिसेंबरात सकाळी बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही. मग ती चुलीच्या कडेला किंवा गरम पाण्याच्या तांब्यात उभी राहते. प्लॅस्टिकची बाटली चुलीजवळ ठेवण्यापेक्षा थंडीभर तेल रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत ठेवावं आणि चमच्यानं खरवडून तळहातावर चोळावं. अंगाच्या उबेनं ते वितळतंच. गोठणं ही भेसळ नसल्याची खूण आहे असं मानतात, ते अर्धंच खरं. कडाक्याच्या थंडीतही जे गोठत नाही त्याच्याबद्दल शंका घ्यावी, पण गोठलं म्हणून शुद्ध असं नव्हे.

मराठवाड्याला मात्र स्वतःचं तेल आहे आणि ते कुणी अंगाला लावायला सुचवत नाही: करडई. परभणी कुसुम हा करडईचा वाण परभणीच्याच विद्यापीठाचा. करडईच्या नेहमीच्या तेलात लिनोलिक अ‍ॅसिड सत्तर टक्क्यांच्या घरात असतं, आणि कातडीच्या पापुद्र्यांना धरून ठेवणाऱ्या सेरामाइडसाठी शरीराला हेच लागतं. ते पातळ आहे, गोठत नाही, लवकर जिरतं. दोष दोन. झाकण म्हणून ते कच्चं, म्हणून टाचांना आणि कोपरांना एकटं पुरत नाही. आणि ते लवकर खवट होतं. घाण्यावरून आणलेलं असेल तर स्टीलच्या डब्यात, उजेडापासून दूर, आणि दोन महिन्यांत संपेल इतकंच आणावं. खवट तेल भाजीत चालत नाही तसं अंगालाही चालत नाही.

तिळाचं तेल संक्रांतीच्या सुमारास चांगलं, वास चालत असेल तर. मोहरीचं तेल उत्तर भारतातून आलेलं खूळ. कोरड्या कातडीला ते बोचतं, बाळाला तर नकोच. महागडं ऑलिव्ह तेलही बाळाच्या मालिशला घेऊ नये. त्यातलं ओलिक अ‍ॅसिड वरचा थर सैल करतं. बाळाला खोबरेल पुरे, मालिश आंघोळीच्या आधी, आणि आंघोळीनंतर परत एक हलका हात. लव जावी म्हणून डाळीच्या पिठाची गोळी अंगावर फिरवायची पद्धत थंडीत तरी बंद ठेवावी. लव जात नाही, पापुद्रा जातो.

टाचा

टाचा उलतात त्या फक्त थंडीनं नाही. अनवाणी वावरणं, मागून उघडी चप्पल, शहाबादी फरशीवर तासन्‌तास उभं राहणं यांनी टाचेची कड जाड होते. जाड कातडी लवचीक नसते. चालताना टाचेवर भार पडतो, कड बाजूला पसरायला बघते, पसरता येत नाही, मग फाटते. म्हणजे कामं दोन: जाडी कमी करणं आणि भेग बंद ठेवणं. एकाच ट्यूबकडून दोन्हीची अपेक्षा केली की निराशा होते.

जाडी कमी करायला युरिया. हातापायांच्या कोरडेपणाला 10 टक्क्यांचं क्रीम, टाचांना 20 ते 25 टक्क्यांचं. टक्केवारी ट्यूबवर छापलेली असते. ती नसलेली ‘फूट क्रीम’ घेऊ नका, त्यात बहुधा पुदिन्याचा गारवा आणि मेणच असतं. युरिया उघड्या भेगेत गेला तर आग होते, म्हणून भेगेच्या कडेनं लावायचा, आत नाही.

रात्री पाय कोमट पाण्यात दहा-बारा मिनिटं. पाण्यात सोडा, शांपू, लिंबू काही घालायचं नाही. मऊ झालेल्या जाड कडेवर वज्री एकाच दिशेनं, हलक्या हातानं, वीस-पंचवीस वेळा. एका रात्रीत सगळं खरवडायचं नाही. आठवड्यातून दोनदा पुरे. ब्लेड आणि नेलकटर टाचेपासून लांब. जास्त घासलेली टाच पुढच्या पंधरवड्यात आधीपेक्षा जाड होऊन येते, कारण कातडी घर्षणाला तेच उत्तर देते. पाय टिपून घ्यायचे, बोटांच्या बेचक्यांतून सुद्धा. कडेवर युरिया, पाच मिनिटं थांबून भेगेत जेली, वर सुती मोजे. मोजे नायलॉनचे असले तर घाम आणि वास. हे रोज केलं तर दोन आठवड्यांत चालताना दुखणं थांबतं, कड मऊ व्हायला महिना लागतो. बरं वाटलं की बंद करतात आणि जानेवारीच्या शेवटी पुन्हा तीच टाच. आठवड्यातून तीनदा चालू ठेवावं.

कोकम तेलाचे गोळे कोकणातून येतात, इथे काष्ठौषधींच्या दुकानात मिळतात. पांढरट-पिवळट, हाताला मेणासारखे कडक, कारण ते वितळायला अंगाच्या उबेपेक्षा थोडी जास्तच धग लागते. दिव्यावर धरून गरम थेंब भेगेत सोडायची जुनी रीत आहे, तिनं भाजतं. पळीत वितळवून, कोमट होऊ देऊन, बोटानं भरावं. भेग भरायला जेलीपेक्षा हे सरस: टणक होऊन जागेवर बसतं, चालताना निघत नाही. जाडी मात्र यानं कमी होत नाही. राळेच्या मलमाचंही तेच. शतधौत घृत, म्हणजे तांब्याच्या थाळीत शंभर पाण्यांनी धुतलेलं तूप, हाताला लोण्याहून हलकं लागतं आणि ओठांना सुरेख. पण शेवटचं पाणी नीट निथळलं नाही तर आठवड्यात बुरशी येते. विकतचं घेताना तारीख बघावी. पिवळं आणि तुपाचा वास मारणारं असेल तर ते धुतलेलंच नाही.

महिनाभर हे नीट करूनही फरक पडला नाही, एकच पाय जास्त सोलतो आहे, तळव्याच्या रेषांत पिठासारखा पांढरा भुगा आहे, नखं पिवळी जाड झाली आहेत, तर ते गजकर्णाच्या जातीतलं बुरशीचं दुखणं असू शकतं. त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची साधी तपासणी त्वचारोग विभागात होते: संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, अंबाजोगाईच्या स्वाराती रुग्णालयात, लातूर-नांदेडच्या सरकारी मेडिकल कॉलेजांत. साखर असलेल्यांनी पाय भिजवत बसू नये आणि वज्रीही स्वतः लावू नये. बधिर पायाला कढत पाणी कळत नाही आणि जखमही कळत नाही. त्यांनी रोज रात्री तळवा आरशात बघावा.

कापूस वेचणाऱ्यांची अडचण वेगळी. वाळलेल्या बोंडाच्या टोकदार पाकळ्यांनी बोटांची टोकं आणि नखांच्या कडा फाटतात. सकाळी तेल-जेली लावून रानात गेलं तर बोटांना सरकी-कापूस चिकटतो आणि माल डागाळतो. तिथे सकाळी काहीच नको. फाटलेल्या टोकावर कापडी चिकटपट्टीचा एक वेढा आणि रात्री हात धुऊन जेली. बीडकडचे ऊसतोड कामगार दसऱ्यानंतर कोयता घेऊन बाहेर पडतात ते पाच-सहा महिन्यांसाठी. कोपीत तीन डब्यांचा संसार चालत नाही. अर्धा किलोचा पॅराफिनचा एक डबा आणि चिकटपट्टीची दोन रिळं, एवढंच सोबत न्यावं.

पाणी आणि साबण

क्रीमवर खर्च करण्याआधी न्हाणीघरात बघा. बोअरच्या ज्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, त्याच पाण्यानं अंगही कोरडं पडतं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची कठिणता लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत चांगली, दुसरा पर्यायच नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यायची. कठीण, म्हणजे जड पाण्यातलं कॅल्शियम साबणाशी मिळून चिकट साका तयार करतं. बादलीच्या कडेला जो राखाडी पट्टा बसतो तोच अंगावरही बसतो, आणि खाज सुटते. तपासायचं तर पारदर्शक बाटलीत तिसरा हिस्सा पाणी घ्या, साध्या साबणाचा चणाभर तुकडा किसून घाला आणि जोरात हलवा. फेस टिकला तर पाणी बरं, दुधट पाणी आणि वर दह्यासारखे कण आले तर जड.

जड पाण्यात खरा साबण वापरण्यापेक्षा सिंडेट बार (साबणाऐवजी कृत्रिम क्षालकाची वडी) किंवा साबणविरहित क्लिन्झर घ्यावा. तो साका करत नाही आणि त्याचा सामू (पीएच) त्वचेच्या जवळचा, साडेपाच-सहाच्या आसपास ठेवलेला असतो. साबणाचा नऊ-दहा असतो. महाग वाटत असेल तर तो फक्त काखा, जांघा आणि पावलांना लावा. बाकी अंगाला थंडीत रोज साबण लागतच नाही. साबणच घ्यायचा तर वेष्टनावर टीएफएम, म्हणजे एकूण स्निग्धांशाचं प्रमाण, बघावा: पहिल्या प्रतीच्या साबणात तो किमान 76 टक्के, दुसऱ्या प्रतीत 70, तिसऱ्यात 60. ‘बेदिंग बार’ लिहिलेल्या वडीचा नियम वेगळा आहे, त्यात 40 सुद्धा चालतो. जास्त टीएफएम म्हणजे भराव कमी, एवढाच अर्थ. त्यानं त्वचा ओली राहत नाही.

बंबातल्या कढत पाण्यात विसण घालताना हात कंजूष होतो, तिथेच नुकसान. कोपर बुडवल्यावर गरम नव्हे, कोमट लागलं पाहिजे. दहा मिनिटांच्या वर आंघोळ नको. न्हाऊन आल्यावर अंग लाल दिसत असेल तर तेल धुऊन निघालं.

जे घेऊ नये

थंडीत खाज म्हटली की काही दुकानांतून तीन-चार औषधं एकत्र असलेली ट्यूब पुढे येते आणि दोन दिवसांत खाज थांबते. नाव काहीही असो, बारीक अक्षरात क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी एखादा शब्द असेल तर ते स्टेरॉइड आहे. कोरडेपणा त्यानं जात नाही. महिनोन्‌महिने लावलं तर कातडी पातळ होते, चेहऱ्यावर बारीक लाल शिरा आणि लव येते, आणि खाली गजकर्ण असेल तर ते पसरतं. 2018 मध्ये केंद्र सरकारनं अशी मलमं शेड्यूल एचमध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा औषधांत घातली. काउंटरवर ‘फेमस आहे, घेऊन जा’ असं कुणी म्हटलं तरी ती तिथेच ठेवावी.

आणि एक ओळख पटवून घ्यावी: खाज रात्रीच वाढते, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती बारीक पुळ्या आहेत, घरात दुसऱ्यालाही सुरू झाली आहे, तर ती खरूज आहे. थंडीत माणसं एका गोधडीत झोपतात, त्यामुळे ती झपाट्यानं पसरते. तिच्यावर मॉइश्चरायझरचा उपयोग शून्य. डॉक्टर सहसा पर्मेथ्रिन 5 टक्क्यांचं क्रीम देतात. ते मानेखाली सगळ्या अंगाला, घरातल्या प्रत्येकानं, एकाच रात्री लावायचं, आठ ते चौदा तासांनी धुवायचं आणि आठवड्यानं पुन्हा एकदा. गोधड्या आणि कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात. एकाच माणसानं लावलं तर पंधरवड्यात सगळं परत येतं, आणि दोष औषधाला दिला जातो.

राहिली शेकोटी. हुरड्याच्या दिवसांत रोज संध्याकाळी आगीसमोर पाय पसरून बसणाऱ्यांच्या नडग्यांवर तपकिरी जाळी उमटते, मासे पकडायच्या जाळ्यासारखी. ती मळ नाही, पुनःपुन्हा लागलेल्या धगीचा तो डाग आहे, आणि कोणत्याही क्रीमनं तो निघत नाही. आगीपासून लांब बसायला लागलं तर फिका होतो, पण सावकाश. त्याहून मोठी काळजी कपड्यांची. जेली आणि पॅराफिनची मलमं रोज लावून धोतर, लुगडं, मोजे, गोधडी यांत मुरतात. असं कापड एकदा धुतलं तरी पूर्ण सुटत नाही आणि ठिणगी पडली की साध्या कापडापेक्षा भराभर पेटतं. म्हणून रात्रीचं मलम शेकोटी विझवून घरात आल्यावर लावायचं, आणि मलमाचे मोजे घालून चुलीपुढे बसायचं नाही.